सतरा मिलिमीटर

"मी सकाळपासनं काय खाल्लो नाही मॅडम," टेबलावर आडवी होता होता ती म्हणाली. उचगावची, बावीस-तेवीसची, हातावरची मेंदी अजून पुरती उतरलेली नव्हती. आमच्या कोल्हापुरात बायका 'खाल्लो', 'आलो', 'जातो' असंच बोलतात. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच रात्री मी "जेवून आलो" म्हणाले आणि खोलीत हशा पिकला. तेव्हापासून मी जपून बोलायला शिकले. पण सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत असं 'खाल्लो' कानावर पडलं की माझी जीभ आपोआप गावाकडं वळते.

"कुठं दुखायलंय?"

तिनं आधी बेंबीवर हात ठेवला. "काल रात्री हितं." मग हात उजवीकडं खाली सरकवला. "आता हितं."

हात सरकला तिथंच निम्मं निदान झालं. अपेंडिक्स आतून फुगायला लागलं की आतड्याच्या नसा मेंदूला नेमकी जागा सांगू शकत नाहीत, बेंबीभोवती कुठंतरी दुखतंय एवढंच कळवतात. सूज बाहेरच्या थरापर्यंत येऊन पोटाच्या अस्तराला भिडली की मग खरी जागा कळते. मी जेल लावलं, प्रोब ठेवला आणि हळूहळू दाबत गेले. तिच्या सासूबाई दाराशी उभ्या राहून "परवा वडे खाल्लीती, त्यानं झालं असंल का?" असं तिसऱ्यांदा विचारत होत्या.

हे दाबत जाणं महत्त्वाचं. १९८६ साली नेदरलँड्समधल्या एका रेडिओलॉजिस्टनं ही पद्धत मांडली आणि अजून आम्ही तीच वापरतो. दाबल्यावर मधला गॅस बाजूला होतो आणि निरोगी आतडं चपटं होतं. सुजलेलं अपेंडिक्स मात्र दबत नाही. तसंच गोल राहतं, एका टोकाला बंद, हातमोज्याच्या करंगळीसारखं. सहा मिलिमीटरपर्यंतची जाडी आम्ही ठीक धरतो. तिचं नऊ होतं. मुळाशी एक खडा, त्याच्यामागं काळी सावली, आजूबाजूची चरबी फुगून पांढरट झालेली. सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं. रात्री ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी ती घरी गेली.

तिचं एवढ्यावर भागलं. ज्यांचं एवढ्यावर भागत नाही त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

रिपोर्ट हातात घेताना लोक एकच प्रश्न विचारतात. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. "तसलं काय न्हाई न्हवं?" असं विचारतात. या 'तसलं'मध्ये सगळं येतं. अपेंडिक्सच्या पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, कारण अपेंडिक्स म्हणजे सूज, काढून टाकलं की संपलं, हे आता घराघरात पाठ झालंय. आम्हालाही ते पाठ झालंय. अडचण तिथंच आहे.

काढलेली अपेंडिक्सं प्रयोगशाळेत पाठवली तर शंभरात साधारण एकात काही ना काही गाठ सापडते. शंभरात एक म्हणजे कमी वाटतं. पण माझ्यासारखी बाई वर्षानुवर्षं रोज पोटं बघत बसलेली असते, तेव्हा ती एक गाठ कधी ना कधी तिच्या टेबलावर येऊन गेलेली असतेच. तिनं ओळखली की नाही, एवढंच ठरायचं असतं.

माझ्या टेबलावर ती २००८ च्या मे महिन्यात आली.

राधानगरीकडचे शेतकरी, एक्कावन्न वर्षांचे. चार दिवसांपासून उजव्या बाजूला दुखत होतं, बारीक ताप होता. सर्जननी हात लावून गोळा लागतोय म्हणून सीटी करायला पाठवलं होतं. तेव्हा मी दुसऱ्यांच्या सेंटरवर नोकरीला होते. मशीन सहा स्लाइसचं, म्हणजे एका फेरीत सहाच काप घेणारं. बाहेर सात पेशंट ताटकळत होते आणि दुपारी दोनदा लाईट गेलेली. ही कारणं मी इतक्या वर्षांत स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता लिहून टाकलेली बरी.

सीटीवर पोटातली चरबी काळी दिसते. हाऊन्सफील्ड नावाच्या इंग्लिश इंजिनिअरनं हे मशीन बनवलं. तो डॉक्टर नव्हता, तरी १९७९ सालचं वैद्यकाचं नोबेल त्याला विभागून मिळालं. त्याच्याच नावाच्या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार आणि चरबी उणे शंभराच्या आसपास येते. निरोगी चरबी स्वच्छ काळी असते. शेजारी कुठं जळजळ सुरू झाली की त्या काळ्यात राखाडी रेघा उमटतात, धुरकटपणा येतो. त्याला आम्ही स्ट्रँडिंग म्हणतो. माझ्याकडं वडणग्याचा एक पोरगा टेक्निशियन म्हणून शिकायला होता, त्याला मी गुऱ्हाळाचं उदाहरण द्यायचे. रानातून येताना काहील दिसायच्या आधी चुलवाणाचा धूर दिसतो. धुराच्या मागानं गेलास की जाळ सापडतो. तो हे फार लवकर शिकला.

त्या दिवशी मीही धूर बघितला. धुराच्या मागानं गेले, फुगलेलं अपेंडिक्स सापडलं. मोजलं. रिपोर्ट लिहिला: अपेंडिक्स सुजलेलं, जाडी सतरा मिलिमीटर, भोवती गोळा, अक्यूट अपेंडिसायटिस. आणि पुढचा पेशंट आत घेतला.

सतरा हा आकडा मी स्वतःच्या हातानं टाईप केला होता. नुसत्या सुजेनं अपेंडिक्स इतकं फुगणं नेहमीचं नाही. पंधराच्या वर गेलं की थांबावं आणि आत दुसरं काही आहे का बघावं, असं आम्ही शिकलेलो असतो. मीही शिकले होते. परीक्षेत विचारलं असतं तर मार्क पडले असते.

त्यांना सर्जननी अँटिबायोटिक दिलं. गोळा झालेला असताना लगेच चाकू लावण्यापेक्षा सूज ओसरू द्यायची आणि सहा-आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढायचं, ही तेव्हाची रीतच होती. गोळा विरला. दुखायचं थांबलं. जूनमध्ये पाऊस लागला, भाताची लावण आली आणि ते परत गेले नाहीत. कशाला जातील? दुखत नसताना दवाखान्यात जाणारा शेतकरी मी तरी बघितलेला नाही.

दोन वर्षांनी ते पुन्हा माझ्यासमोर आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. चेहरा उतरलेला आणि पोट मात्र पुढं आलेलं. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, पोटात पाणी, लिव्हर बघावे. प्रोब ठेवला. पोटातलं पाणी साधं असेल तर पेशंट कुशीवर वळला की तेही वळतं. हे वळेना. प्रोबनं हलका धक्का दिला तर सगळं एकदम थरथरलं आणि पुन्हा जागच्या जागी बसलं. आणि यकृताची कड! तिला जागोजाग खाचा पडल्या होत्या, भाकरीच्या कडेला कुणी चावे घेतल्यासारख्या. पाण्यानं यकृताला अशा खाचा पडत नाहीत. घट्ट काहीतरी बाहेरून दाबत बसलं तरच पडतात.

अपेंडिक्सच्या आत चिकट स्राव तयार करणारी एक गाठ असते. ती हळू वाढते, अपेंडिक्स फुग्यासारखं फुगत जातं आणि एक दिवस भिंत फाटून तो स्राव, त्यातल्या पेशींसकट, पोटात सांडतो. मग त्या पेशी मिळेल त्या जागी बसून आपलं काम सुरू ठेवतात. वर्षाभरात, दोन वर्षांत पोट त्या चिकानं भरून जातं. पुढं त्यांचं पोट उघडलं तेव्हा आतलं सगळं साबुदाण्याच्या खिरीसारखं होतं, असं सर्जन म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस मी साबुदाणा खाऊ शकले नाही. संकष्टीला घरचे विचारायचे, काय झालं.

त्यांच्या बायकोनं प्लास्टिकच्या पिशवीतून जुन्या फिल्म काढल्या. खेड्यातली माणसं फिल्म फार जपून ठेवतात. शेजारच्या पिशवीत सात-बाराचे उतारेही होते. मी ती फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली आणि खालची सही बघितली. माझीच.

मग अपेंडिक्स बघितलं. सतरा मिलिमीटर. भिंतीत एका बाजूला पांढरी, बारीक, कमानीसारखी रेघ होती. अंड्याच्या टरफलाचा तुकडा उभा धरावा तशी. भिंतीत कॅल्शियम साठल्यावर अशी रेघ दिसते आणि चार दिवसांच्या सुजेत ती तयार होत नाही. धूरही नीट बघितला. तो फक्त टोकापाशी होता. बाकीचं अपेंडिक्स एवढं फुगलेलं, तरी भोवतीची चरबी स्वच्छ काळी. चुलवाण एवढं मोठं आणि धूर एवढाच? हा प्रश्न वडणग्याच्या पोरालासुद्धा पडला असता.

आमच्या क्षेत्रात याला नाव आहे. एक उत्तर सापडलं की डोळे शोधायचं थांबतात. नाव असल्यानं फरक काही पडत नाही.

मुंबईला जायच्या आधी ते पुन्हा आले, गुळाची ढेप घेऊन. पाच किलोची असावी. "मॅडम, तुमी वळखलासा म्हणून बरं, न्हाईतर आमी पोटात पाणी झालंय म्हणूनच बसलो असतो." मी ढेप घेतली. सर्जनना मी सगळं सांगितलं होतं, फिल्म समोर धरून. पेशंटला मात्र सांगितलं नाही. त्या वेळी मला वाटलं, एवढ्या मोठ्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाच्या मनात आणखी एक ओझं कशाला. आता वाटतं, ते ओझं त्यांचं नव्हतं, माझं होतं, आणि ते मला वाचवायचं होतं. मुंबईत दहा-अकरा तासांचं ऑपरेशन झालं, पोटातून गरम केमो फिरवली. पुढं ते चार वर्षं जगले. दोन भातं आणि एक लग्न झालं म्हणे घरात. गूळ आम्ही शेजारीपाजारी वाटून टाकला.

तेव्हापासून मी अपेंडिक्सचा प्रश्न वेगळ्या रीतीनं विचारते. शिकताना आम्हाला दोन रकाने पाठ करायला लावतात: इकडं सूज, तिकडं गाठ. सुजेत जाडी कमी, धूर जास्त, आत खडा. गाठीत जाडी जास्त, भिंत एका जागी खडबडीत किंवा मांसल, कॅल्शियमची रेघ, मुळाशी आतड्याची भिंतही जाड, बाजूला लसिकाग्रंथींचा पुंजका. सोनोग्राफीत आतल्या चिकाचे थरावर थर, कापलेल्या कांद्यासारखे. हे सगळं खरं आहे आणि उपयोगीही आहे. पण खऱ्या पोटात हे रकाने शेजारी शेजारी नसतात, एकावर एक असतात. कारण गाठ बहुतेक वेळा सुजेच्याच रूपात दवाखान्यात येते. ती नळीचं तोंड दाबते, आत स्राव तुंबतो, जंतू वाढतात आणि खरीखुरी, पुस्तकी सूज येते. ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, दुखणं बेंबीपासून उजवीकडं सरकतं. म्हणजे मी लिहिलेलं 'अपेंडिसायटिस' चूक नव्हतं. ते अर्धं होतं. साठीच्या पुढच्या माणसात तर कधी अपेंडिक्सचा काही दोषच नसतो. शेजारच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी गाठ असते आणि तिनं वाट अडवल्यामुळं अपेंडिक्स सुजतं. त्यातून आपल्या देशात त्याच कोपऱ्यात टीबीही बसतो, भिंत जाड करतो, ग्रंथी सुजवतो आणि हुबेहूब गाठीसारखा दिसतो. त्याला तर सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात.

काही गाठी तर सीटीवर दिसतच नाहीत. अपेंडिक्सच्या अगदी टोकाला, हरभऱ्याएवढी किंवा त्याहूनही लहान एक गाठ असते. तिचा पत्ता काढलेलं अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच लागतो. एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर अपेंडिक्स निघालं तिथंच उपचार संपतो. म्हणून माझं एक भांडण कायम चालू असतं. ऑपरेशन झालं की थिएटरच्या दारात ट्रे आणून नातेवाइकांना अपेंडिक्स दाखवायची आपल्याकडं पद्धत आहे. "हे बघा, किती सुजलं होतं." नातेवाईक मान डोलावतात, एखादा मोबाईलवर फोटो काढतो. आणि मग ते अपेंडिक्स जातं कुठं? फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून प्रयोगशाळेत पाठवायला पाहिजे. कधी कधी "कशाला खर्चात पाडायचं पेशंटला" म्हणून ते बादलीत जातं. ऑपरेशनच्या बिलापुढं तो खर्च काहीच नसतो. वाचणाऱ्यांपैकी कुणावर वेळ आली तर फोटो काढा खुशाल, पण बाटली कुठं गेली तेही विचारा.

या विषयावर वाचत बसायचा मला नाद लागला, त्यातून एक गंमत हाती लागली. गंमत म्हणावी का, माहीत नाही. १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. आपले शाहू महाराज त्यासाठी विलायतेला गेले होते. २६ जून म्हणजे महाराजांचा जन्मदिवसही, अठ्ठावीस पुरे होत होते. दोन दिवस आधी, २४ तारखेला, राजाच्या पोटावर राजवाड्यातच शस्त्रक्रिया करावी लागली. अपेंडिक्सभोवती गळू झालं होतं. फ्रेडरिक ट्रेव्हज या सर्जननं पू काढला. समारंभ लांबला तो ९ ऑगस्टपर्यंत. मधल्याच दिवसांत, २६ जुलैला, इकडं करवीरच्या गॅझेटमध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा महाराजांचा आदेश निघाला. ती तारीख आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिच्या मागंपुढं एक अपेंडिक्स ठणकत होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आणखी एक. दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्यावरून पुढं गेलं की सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्याचं मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. हा आल्बर्ट एडवर्ड म्हणजे तोच सातवा एडवर्ड. तेव्हा युवराज होता, पुढं राजा झाला. त्या दगडी इमारतीवरून जाताना मला हटकून त्याची केस आठवते. साठ वर्षांचा पुरुष, अपेंडिक्सभोवती गळू, पू काढला, अपेंडिक्स आतच ठेवलं. माझ्या राधानगरीच्या पेशंटसारखंच. राजा सुदैवी निघाला, पुढं आठ वर्षं जगला आणि गेला तो दुसऱ्याच आजारानं. आज माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याला सहा आठवड्यांनी परत बोलावलं असतं, राज्याभिषेक असो नाहीतर भाताची लावण.

हे नुसतं माझं भय नव्हे. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी अशाच पेशंटांचा अभ्यास केला होता, अपेंडिक्सभोवती गळू होऊन अँटिबायोटिकनं बरे झालेल्यांचा. निम्म्यांचं अपेंडिक्स नंतर काढायचं, निम्म्यांवर एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवायचं, असा बेत. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण काढलेल्या अपेंडिक्सांत गाठीच फार निघायला लागल्या. शेवटी ६० जणांत १२. आणि ज्यांच्यात निघाल्या ते सगळेच्या सगळे चाळिशीच्या पुढचे. हा निबंध २०१९ साली आला. मी तो छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. चहाचे दोन डाग पडलेत त्याच्यावर.

साध्या सुजेला हा हिशोब लागू नाही. उचगावच्या त्या पोरीच्या रिपोर्टात मी शंकेचं अक्षरही लिहिलं नाही आणि लिहू नये. बावीस वर्षांच्या मुलीला 'गाठ नाकारता येत नाही' असं लिहून देणं हे आमच्या लोकांचं आणखी एक पाप आहे. रिपोर्टाच्या तळाशी 'क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघावे, असं छापून ठेवायचं, म्हणजे काहीही झालं तरी आपण मोकळे. आमचं ते 'ईश्वरेच्छा बलीयसी' आहे. प्रत्येक रिपोर्टावर शंका लिहिली तर जिथं खरंच लिहायला पाहिजे तिथं ती कुणी वाचत नाही.

म्हणून मी आता आकड्याशेजारी त्याचा अर्थ लिहिते. सोळा असेल तर 'सोळा, नेहमीच्या सुजेपेक्षा जास्त', आणि का, तेही. पेशंट चाळिशीच्या पुढचा आणि गोळा किंवा गळू असेल तर कधी परत बघायचं त्याची तारीख. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो सर्जन वाचतात. पाकिटावर मात्र मी मार्करनं मराठीत लिहिते: दुखायचं थांबलं तरी या. आणि एक शंभर पानी वही केली आहे, तिच्यात नाव, गाव, फोन.

फोन मीच करते. रिसेप्शनवरच्या मुलीनं केला की लोकांना पैसे मागायला केला असं वाटतं.

या नोव्हेंबरात वहीत शिरोळ तालुक्यातले एक जण आहेत, अठ्ठेचाळीस वर्षांचे. गळू होतं, सुईनं पू काढला, आता ठणठणीत आहेत. जाडी चौदा. पंधरा नाही, चौदा. भिंतीत रेघ नाही. मी तीनदा बघितलं, मग घरी जेवून येऊन चौथ्यांदा. मुळाशी भिंत जराशी जाड वाटते, ती सुजेची असेल, बहुतेक सुजेचीच असेल.

काल फोन लावला तर बायकोनं उचलला. मागं ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं ऐकू येत होतं.

"ते रानात गेल्यात मॅडम, ऊसतोड लागलीया. आता काय दुखत न्हाई त्यास्नी."

"न दुखता पण यायचं हाय वहिनी. पाकिटावर लिवलंय बघा."

"व्हय व्हय, वाचलोय की. बुधवारी घेऊन येतो."

वहीत त्यांच्या नावापुढं दोन बुधवार खोडलेले आहेत. त्यांच्याखाली तिसरा लिहिला.